घरमालक वरच्या मजल्यावरच राहतात. खोली सोडताना डिपॉझिट परत कसं मिळवायचं?

परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठामुळे आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे किरायाच्या खोल्यांना कायम मागणी असते. गंगाखेड, जिंतूर, सेलू, पूर्णा या गावांमध्ये बदलीवर आलेले शिक्षक आणि बँकेतले कर्मचारी खोल्या शोधत असतात. यातल्या कितीतरी खोल्या घरमालकाच्या राहत्या घरातच असतात. मालक वर आणि किरायादार खाली, किंवा एकाच अंगणात समोरासमोर. बोअर एक, गेट एक आणि मालकाच्या मीटरवरून काढलेला सब-मीटर. खोली घेताना पाच-दहा हजार रुपये हातात दिलेले असतात. कागद केलेला नसतो, कारण ‘घरच्यासारखंच आहे’.

खोली सोडताना हाच घरोबा अडचणीचा होतो. रोज ज्या काकूंकडून विरजण आणलं, त्यांच्याशी पैशांवरून वाद घालायचा कसा, या संकोचापायी लोक डिपॉझिट सोडून देतात. खरं तर कागद नसला तरी कायदा बऱ्याच अंशी किरायादाराच्या बाजूने आहे.

कायदा काय सांगतो?

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे इथे घरभाड्यासाठी १९५४ चा हैदराबादचा कायदा पुढेही बरीच वर्षं चालू राहिला. तो रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत दिलेल्या शहरी भागांना तो लागू आहे.

आपल्या कामाचं आहे ते त्यातलं कलम ५५. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबद्दल किरायादाराचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे घरमालकाला सिद्ध करावं लागतं. ‘सोडताना एक महिन्याचा किराया कापायचं ठरलं होतं’ असं मालक म्हणाले, तर तसं ठरल्याचं त्यांनी दाखवायचं.

मालक त्याच घरात राहत असतील तर तुम्ही कायद्याने भाडेकरू ठरता की नुसते परवानाधारक, यावर वकील बराच वेळ बोलू शकतात. घर सोडण्याच्या वादात तो फरक मोठा आहे. डिपॉझिटपुरता त्यात अडकू नका; कलम ५५ दोघांनाही लागू होतं.

इथे एक मर्यादा आहे. हे कलम अटींबद्दल मदत करतं, पण पैसे दिले होते हे तुम्हालाच दाखवावं लागतं. फोनपेची नोंद, बँकेचं स्टेटमेंट, डायरीतली सही किंवा ‘दहा हजार मिळाले’ असा व्हॉट्सॲप मेसेज, यांपैकी काहीही चालेल. रोख दिले असतील आणि काहीच पुरावा नसेल, तर तो आता तयार करायचा. खोली सोडण्याच्या महिनाभर आधी एक साधा मेसेज पाठवा: ‘काका, आम्ही ३१ मार्चला खोली सोडतोय. जूनमध्ये तुमच्याकडे दिलेले १०,००० रुपये डिपॉझिट चावी देताना परत मिळावेत. काही हिशेब राहिला असेल तर कळवा.’ ‘हो, बघू’ एवढं उत्तर आलं तरी ती नोंद झाली. पुढे कोर्टात अशा मेसेजसाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणून तो फोन विकू नका आणि चॅट पुसू नका.

काय कापता येतं?

थकलेला किराया, लाइटबिल आणि तुमच्या हातून झालेली खरी मोडतोड. फुटलेलं बेसिन किंवा उखडलेली कडी यांची भरपाई मागणं रास्त आहे. रोजच्या वापराने फिकट झालेल्या भिंतींसाठी मात्र नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात भाडेकरूने जागा चांगल्या स्थितीत परत द्यायची असली, तरी नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळली आहे, आणि घर दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम आहे. ‘रंग द्यावा लागेल’ म्हणून सरसकट तीन हजार कापले जात असतील, तर तसं आधी ठरलं होतं का, हे विचारा.

‘नवा किरायादार आला की देतो’ हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर. तसं ठरलेलं नसेल तर त्याला आधार नाही. पण मालकही पगारावर किंवा पेन्शनवर जगणारे असतात आणि डिपॉझिट कधीच खर्च झालेलं असतं, हेही खरं. म्हणून शेवटच्या एक-दोन महिन्यांचा किराया डिपॉझिटमधून वळता करून घेणं हा घरातल्या घरात सर्वांत सोयीचा मार्ग. फक्त त्याला मालकांची स्पष्ट संमती, शक्यतो मेसेजवर, घ्या. परस्पर किराया थांबवलात तर थकबाकीदार तुम्हीच ठराल.

चावी देण्याआधी मालक किंवा काकूंना खोलीत बोलावून सगळं सोबत बघा. भिंती, नळ, पंखे आणि सब-मीटरच्या आकड्याचे फोटो काढा, हिशेब एका कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. मालक घरातच असल्याचा हा एक मोठा फायदा आहे.

तरीही दिलं नाही तर?

आधी तारीख देऊन लेखी मागणी करा आणि ती पोस्टाने पोच पावतीसह पाठवा. त्यानंतर वकिलाची नोटीस. पोलीस पैसे वसूल करून देणार नाहीत, कारण हा दिवाणी वाद आहे. पण सामान किंवा मुलांची प्रमाणपत्रं अडवून ठेवली असतील, दमदाटी झाली असेल, तर मात्र पोलीस ठाण्यात तक्रार द्या. राहत असताना पाणी किंवा वीज तोडायला कलम २९ ची मनाई आहे.

दावा दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्या न्यायालयात जातो. स्पष्टच सांगायचं तर दहा हजारांसाठी वकील लावून तारखा करणं परवडत नाही. त्याऐवजी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीत ठेवायला सांगा. त्याला कोर्ट फी नाही. समोरच्याने यायला आणि तडजोडीला तयार असायला हवं, पण कोर्टाच्या शिक्क्याचं बोलावणं आलं की बरेच जण येतात. तिथे झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेले यांना याच कार्यालयातून वकीलही मोफत मिळतो.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या जागेचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलं आहे. मात्र तो नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय इथे त्याचा हवाला देऊन उपयोग नाही.

दावा करायला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. गाव सोडून बदलीच्या ठिकाणी गेलात तरी मागणीचं पत्र पहिल्या महिन्यातच टाका.