समलिंगी तरुणी : स्वतःची ओळख कशी घडते?

ज्या स्त्रीला प्रेम आणि शारीरिक ओढ स्त्रीविषयीच वाटते, तिला समलिंगी स्त्री किंवा लेस्बियन म्हणतात. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. मात्र ओढ जाणवणे आणि ‘मी अशी आहे’ हे स्वतःशी मान्य करणे यांत अनेकदा काही वर्षे जातात.

मैत्रीचा आडोसा

बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात मुलगा-मुलगी बोलताना दिसले तरी चर्चा होते. दोन मैत्रिणी एकत्र अभ्यासाला बसल्या, एकमेकींकडे मुक्कामाला राहिल्या, तर कोणाला वावगे वाटत नाही. त्यामुळे सहवास मिळतो, पण मनातल्या भावनेला नाव मिळत नाही. आसपास तशी दुसरी कोणी दिसत नसल्याने ‘आपणच विचित्र’ असा समज होतो.

ओळखीचे टप्पे

मानसशास्त्रज्ञ व्हिव्हियन कॅस यांनी १९७९ मध्ये सहा टप्पे मांडले: गोंधळ, इतरांशी तुलना, सहन करणे, स्वीकार, अभिमान आणि समन्वय. प्रत्येकीचा प्रवास याच क्रमाने होतो असे नाही. आपल्याकडे निर्णायक क्षण बहुधा लग्नाचा असतो. स्थळे येऊ लागली की ‘लग्न का नको?’ याचे उत्तर द्यावे लागते. मनाची तयारी होण्याआधीच घरच्यांपुढे बोलण्याची वेळ येते.

मराठी समाजात

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाची नायिका समलिंगी आहे. मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला; पुढे तो ‘लेबिया’ नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्यासारख्या इतर जणी भेटल्या की एकटेपणा कमी होतो आणि स्वीकार सोपा जातो.

कायदा काय सांगतो?

सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. समलिंगी विवाहाला मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मान्यता नाकारली. डॉक्टरने लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. सज्ञान मुलीला घरच्यांनी डांबून ठेवल्यास तिच्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागता येते. अशा वेळी न्यायाधीशांनी तिचे म्हणणे तिच्याशी एकांतात बोलून ऐकावे, समुपदेशनाच्या नावाखाली तिचे मन वळवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सर्व न्यायालयांना बजावले आहे.