बलीग हमदी आणि एका चालीचे वारस

'खुसारा' या अरबी शब्दाचा अर्थ नुकसान, हानी. हळहळीचा उद्गार म्हणूनही तो वापरला जातो. १९५७ साली 'फता अहलामी' या इजिप्शियन चित्रपटात अब्दुल हलीम हाफिज यांनी या नावाचे गाणे गायिले. शब्द मामून अल्-शिन्नावी यांचे, चाल बलीग हमदी यांची. बलीग तेव्हा जेमतेम पंचविशीत होते. पुढे हीच चाल लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेली, तेव्हा तिच्या कर्त्याला जाऊन बावीस वर्षे झाली होती.

कैरोच्या शुब्रा भागात १९३१ साली जन्मलेले बलीग १९६० मध्ये उम्म कुलसूम यांच्यासाठी 'होब एह' रचतात, ही अरबी संगीतातील एक पिढी बदलल्याची खूण मानावी लागेल. रियाद अल्-सुनबाती, झकरिया अहमद अशा बुजुर्गांच्या रचना गाणाऱ्या त्या थोर गायिकेने तिशीही न गाठलेल्या तरुणाची चाल स्वीकारली. पुढे 'अल्फ लैला व लैला' (१९६९) सारखी दीर्घ गीते आली. तासभर चालणाऱ्या या रचनांच्या पोटात बलीग एखादी छोटी, कोणालाही गुणगुणता येईल अशी ओळ ठेवीत आणि श्रोता तिची वाट पाहत राही. परंपरेच्या वाद्यमेळात त्यांनी सॅक्सोफोन व विद्युत गिटार आणली. शुद्धतावाद्यांना ती खटकली, तरी त्यांच्या चालींचे मूळ पाश्चात्य नव्हते; ते नाईलकाठच्या लोकगीतांत होते.

माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व इथेच आहे. दक्षिण इजिप्तच्या बोलीत लिहिणारे कवी अब्दुल रहमान अल्-अब्नूदी आणि गायक मोहम्मद रुश्दी यांच्या संगतीने त्यांनी 'अदविया'सारखी गाणी केली आणि खेड्यातला सूर शहरी रेडिओवर आणला. १९६७ च्या पराभवानंतर अब्नूदी, बलीग आणि अब्दुल हलीम या तिघांनी मिळून केलेले 'अद्दन्-नहार' हे शोकगीत त्याच वाटेवरचे. ते स्वतःही काही गीते लिहीत, 'इब्न अल्-नील' म्हणजे 'नाईलपुत्र' या टोपणनावाने. उत्तरायुष्यात एका खटल्यापायी काही वर्षे त्यांना देशाबाहेर काढावी लागली. १९९३ साली पॅरिसमध्ये ते वारले.

'खुसारा'च्या आरंभीची सुरावट अमेरिकन निर्माता टिंबलँड याने उचलली आणि तिच्यावर जे-झी याचे 'बिग पिंपिन' हे रॅप गाणे उभे राहिले. ते १९९९ च्या अखेरीस आले. पुढे २००१ मध्ये एका ध्वनिमुद्रण कंपनीला एक लाख डॉलर देऊन व्यवहार मिटवण्यात आला. बलीग यांच्या पुतण्याने २००७ साली दावा लावला. त्याचे म्हणणे पैशापुरते नव्हते. इजिप्तचा कायदा कर्त्याचा नैतिक हक्क अविभाज्य मानतो: चाल विकली तरी तिची विटंबना होऊ न देण्याचा अधिकार कर्त्याकडे व त्याच्या वारसांकडे उरतो. स्त्रियांविषयी असभ्य बोलणाऱ्या गाण्याखाली काकांची चाल वाजावी, हीच त्याला विटंबना वाटली. २०१५ मध्ये ज्यूरीचा कौल येण्यापूर्वीच न्यायाधीशांनी दावा फेटाळला. पुतण्याने आर्थिक हक्क आधीच दुसऱ्याला दिले होते, आणि नुसत्या नैतिक हक्कावर अमेरिकेत दाद मागता येत नव्हती. २०१८ मध्ये अपील न्यायालयानेही हाच निर्णय कायम केला.

यावर कोणी म्हणेल की, बलीग यांनीही निनावी लोकधून घेतलीच होती. आक्षेप वजनदार आहे. पण ती धून घेताना त्यांनी तिच्या बोलीतला कवी सोबत घेतला, तिच्या दुःखाला जागा दिली. 'बिग पिंपिन'मध्ये मामून अल्-शिन्नावींचा एकही शब्द उरलेला नाही. म्हणूनच एवढ्या वर्षांच्या या वादात चालीच्या वारसांची चर्चा झाली आणि मूळ गाण्याच्या कवीचे नाव क्वचितच कोणी घेतले.