जेट कार्यक्रम

जेट कार्यक्रम (संपूर्ण नाव: जपान एक्स्चेंज अँड टीचिंग प्रोग्रॅम) हा परदेशी पदवीधरांना जपानमधील शाळांत व स्थानिक शासनसंस्थांत नेमणारा जपान सरकारचा उपक्रम आहे. त्याची सुरुवात १९८७ मध्ये झाली. सहभागी व्यक्तींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण सहायक भाषा शिक्षक म्हणून, मुख्यतः इंग्रजीसाठी, काम करतात. उर्वरितांमध्ये आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयक आणि मोजके क्रीडा सल्लागार असतात. आजवर ७५ हजारांहून अधिक व्यक्तींनी या कार्यक्रमात भाग घेतला आहे.

इतिहास

इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशी तरुणांना बोलावण्याच्या दोन लहान योजना जपानमध्ये आधीपासून होत्या. अमेरिकी पदवीधरांसाठीची योजना १९७७ मध्ये, तर ब्रिटिश पदवीधरांसाठीची १९७८ मध्ये सुरू झाली होती. १९८०च्या दशकात जपानची निर्यात वाढत गेली, तसा अमेरिकेशी व्यापारविषयक तणावही वाढला. जपानने केवळ माल न विकता जगाशी माणसांच्या पातळीवर नाते जोडावे, या विचारातून दोन्ही योजना एकत्र करून जेट कार्यक्रम आखण्यात आला. त्यामुळे भाषाशिक्षणाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, भर त्यात सांस्कृतिक देवाणघेवाणीवर राहिला.

पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. २००२ मध्ये ही संख्या ६,२७३ वर पोहोचली. कोविड-१९ साथीमुळे २०२० मध्ये निवड झालेल्यांचे आगमन लांबणीवर पडले.

निवड व नेमणूक

अर्जदारास पदवी आवश्यक असते. सहायक भाषा शिक्षकासाठी अध्यापनाची पदविका किंवा जपानी भाषेचे ज्ञान यांची सक्ती नाही. अर्ज संबंधित देशातील जपानी दूतावासामार्फत घेतले जातात. नेमणुकीच्या जागेविषयी पसंती कळविता येते, मात्र ती मान्य होईलच याची शाश्वती नसते. अनेकांची नेमणूक डोंगराळ खेड्यांत वा लहान बेटांवर होते. करार एक वर्षाचा असतो व तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढविता येतो. २०१२ मध्ये ठरलेल्या श्रेणीनुसार पहिल्या वर्षाचे वेतन ३३ लाख ६० हजार येन होते. पुढे त्यात वाढ करण्यात आली.

वर्गातील कार्यपद्धती

जपानी शिक्षक आणि सहायक शिक्षक यांनी मिळून तास घ्यावा, अशी मूळ कल्पना आहे. पाठाचे नियोजन, मूल्यमापन व वर्गाची जबाबदारी परवानाधारक जपानी शिक्षकाकडे असते. सहायकाने उच्चार, संभाषण, खेळ व संस्कृतीचा परिचय यांत साहाय्य करणे अपेक्षित असते. त्यामुळे त्याची उपयुक्तता सोबतच्या शिक्षकावर बरीच अवलंबून राहते. कोठे तो पाठाच्या आखणीत बरोबरीने सहभागी होतो, तर कोठे केवळ धडा मोठ्याने वाचून दाखवितो. एकाच सहायकाकडे अनेक शाळा असल्यास एखाद्या वर्गाला तो महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच भेटतो.

प्राथमिक शाळांतील पाचवी-सहावीत परदेशी भाषेचे उपक्रम २०११ पासून सक्तीचे झाले. २०२० पासून ते तिसरी-चौथीत आले आणि पाचवी-सहावीत तो स्वतंत्र विषय झाला. प्राथमिक शिक्षक बहुतांशी इंग्रजीचे विशेष प्रशिक्षण न घेतलेले असल्याने सहायकांची गरज वाढली.

टीका

प्रशिक्षित शिक्षकाऐवजी अल्पकाळासाठी येणाऱ्या नवख्या पदवीधरावर खर्च करावा का, हा मुख्य आक्षेप आहे. अनुभवाने सहायक तयार होईपर्यंत त्याचा करार संपत येतो. दुसरी अडचण परीक्षापद्धतीची आहे. प्रवेशपरीक्षांत वाचन व व्याकरण यांना महत्त्व असल्याने संभाषणाचा तास मुलांना व पालकांना दुय्यम वाटतो. विद्यापीठ प्रवेशासाठी खासगी संस्थांच्या इंग्रजी चाचण्या वापरण्याची योजना शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये पुढे ढकलली व नंतर सोडून दिली. तोक्योमध्ये मात्र २०२२ पासून उच्च माध्यमिक प्रवेशाकरिता इंग्रजी संभाषणाची चाचणी घेतली जाते.

अनेक शिक्षण मंडळे जेटऐवजी खासगी कंपन्यांमार्फत सहायक नेमतात. अशा नेमणुकांत वेतन व स्थैर्य बहुधा कमी असते. काम कंत्राटाने दिलेले असल्यास जपानी शिक्षकाला सहायकास थेट सूचना देता येत नाहीत, आणि एकत्रित अध्यापनाचा हेतूच बाधित होतो.

स्थानिक समाजाशी नाते

वर्गाबाहेर सहायक शिक्षक शाळेतील क्रीडामंडळे, गावातील उत्सव व स्वच्छतेची कामे यांत भाग घेतात. ११ मार्च २०११ रोजी आलेल्या त्सुनामीत इशिनोमाकी व रिकुझेंताकाता येथे कार्यरत असलेले दोन अमेरिकी सहायक शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी इशिनोमाकीच्या शिक्षिकेच्या स्मरणार्थ तिच्या कुटुंबीयांनी तेथील शाळांना इंग्रजी पुस्तकांचे वाचनकोपरे दिले. कार्यक्रमात सहभागी झालेल्यांपैकी काही जण पुढे जपानविषयक अध्ययन, भाषांतर, मुत्सद्देगिरी व अध्यापन या क्षेत्रांत स्थिरावले. माजी सहभागींच्या संघटना अनेक देशांत कार्यरत आहेत.