सर्पगंधेपासून पेशींच्या पाटकऱ्यापर्यंत



घरातल्या आजोबांचा हात कापू लागला, पाऊल अडखळू लागले, की आपण ‘वय झाले’ म्हणून गप्प बसतो. वैद्यांनी या व्याधीला कंपवात म्हटले. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली तिच्यावर निबंध लिहिला. पण मेंदूत नेमके काय बिघडते, याचा धागा सापडला तो आडवाटेने, आणि त्या वाटेचा एक टप्पा आपल्या मुंबईत आहे.

सर्पगंधेचे गुण कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवले होते. परंतु जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी. या मुळीने रक्तदाब उतरतो, हे त्यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडात तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. आणि मोठ्या मात्रेने काही रोगी कंपवात झाल्यासारखे ताठरतात, असेही दिसू लागले! स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पिन देऊन सशांना निश्चल केले, मग एल-डोपा टोचले. ससे पुन्हा हालचाल करू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामीन बनते. आणि कंपवाताने मेलेल्यांच्या मेंदूंत तेच फार घटलेले असते, हे १९६० मध्ये व्हिएन्नात आढळले. (आपल्या कुंपणावरच्या खाजकुइलीच्या बियांत हे एल-डोपा असते, हे मद्रासमध्ये १९३७ सालीच कळले होते. म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नयेत.)

एल-डोपा रोग्याला हिंडते-फिरते करते खरे, पण ते टँकरचे पाणी. टँकर आला म्हणून विहिरीचे आटलेले झरे फुटत नाहीत. हे झरे म्हणजे मध्यमेंदूतील काही लाख पेशी.

आता नीरेचा डावा कालवा आठवा. तो खोदला म्हणजे काम संपले, असे बारामतीत कोणी म्हणणार नाही. पाटकऱ्याने पाळीप्रमाणे दारे उघडली-मिटली नाहीत, तर इंदापूरकडे टेलच्या शेतकऱ्याचा ऊस वाळलाच. पेशीतही असेच असते. जनुके सगळ्या पेशींत तीच. कोणते उघडायचे, कोणते मिटायचे, हे पाहणारी काही प्रथिने असतात. त्यांपैकी एक ‘नूर-१’. ते नसले तर उंदरांत डोपामीनच्या पेशी नीट घडतच नाहीत, असे १९९७ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखवले. तेथेच २००९ मध्ये पुढचा प्रयोग झाला. पेशी पुऱ्या घडल्यावर, प्रौढ उंदरांतून ते प्रथिन काढून घेतले; तर डोपामीन बनवणारी जनुके हळूहळू मंदावली. कालवा खोदणाराच जन्मभर दारांवर बसलेला होता! पेशीच्या ऊर्जाघरांना लागणारी कित्येक जनुकेही त्याच्याच हाती आहेत, हे २०१३ मध्ये कळले.

कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूंत, तगून राहिलेल्या पेशींतही नूर-१ कमी आढळले आहे. ते रोगाचे कारण की परिणाम, याचा निवाडा व्हायचा आहे. या पाटकऱ्याला पुन्हा दारावर बसवील असे सिद्ध औषध रोग्याच्या हाती अजून आलेले नाही. आजोबांना सध्या टँकरवरच भागवावे लागते.