डोक्यावरचा हात आणि बदलीचा हुकूम

नवे पाळक आले की मंडळी हार घालते, गीत गाते, मग प्रार्थना होते. हार आपल्या मातीतला. बाकी रिवाजात दोन निरनिराळी कुळे एकत्र नांदतात: एक हात ठेवण्याचे, दुसरे बदलीचे.

हाताचे कूळ फार जुने. गणनाच्या 27व्या अध्यायात मोशे यहोशवावर हात ठेवतो, तेही एलाजार याजकाच्या आणि सगळ्या मंडळीच्या देखत. आपण पलीकडच्या देशात जाणार नाही हे मोशेला ठाऊक होते. तरी तो स्वतः उभा राहून येणाऱ्याला पुढे करतो, आणि हयातीतच आपल्या अधिकारातला वाटा त्याला देतो. या प्रसंगाचे मोल मला इथेच वाटते. पुढे अंत्युखियाच्या मंडळीने उपास करून बर्णबा व शौल यांच्यावर हात ठेवले, ते त्यांना निरोप देण्यासाठी. आपली उत्तम माणसे दुसऱ्यांसाठी सोडायची, हेही त्या हातात आले.

बदली मात्र इंग्लंडहून आली. जॉन वेस्ली यांनी 1744 मध्ये लंडनला प्रचारकांची पहिली परिषद भरवली. एकाच ठिकाणी वर्षभर बोलत राहिलो तर मी आणि ऐकणारे दोघेही झोपी जाऊ, असे त्यांचे मत होते. म्हणून प्रचारक फिरता ठेवायचा. याच परंपरेतून 1860 मध्ये अमेरिकेत फ्री मेथडिस्ट मंडळी निघाली. तिचे अर्नेस्ट वॉर्ड 1881 मध्ये भारतात आले, बुऱ्हाणपूरला राहिले, आणि पुढे हे काम यवतमाळला रुजले. इकडच्या पाळकांची नेमणूक परिषदेत ठरते, ती अशी.

अहमदनगरची गोष्ट वेगळी. तिथल्या अमेरिकन मिशनची मंडळी 1833 ची, पण पाळकपण मिशनरींकडेच. 1854 मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना दीक्षा मिळाली, आणि मराठी माणसाच्या डोक्यावर पाळकपणाचा हात आला. एकवीस वर्षे हा काळ मला फार वाटतो. मिशनरी वाईट होते म्हणून नव्हे. सोडून देणे चांगल्या माणसालाही जड जाते.

यवतमाळला इथले पाळक घडवण्याची तयारी शाळेतून झाली. 1938 मध्ये मराठीतून पवित्र शास्त्र शिकवणारी शाळा निघाली, 1953 मध्ये तिची युनियन बिब्लिकल सेमिनरी झाली. धामणगावला रेल्वेतून उतरून यवतमाळला जाणारी वाट बाभुळगावावरून जाते. त्या वाटेने परप्रांतांतली मुलेही शिकायला आली. सेमिनरीचे प्राचार्यपदही अमेरिकन फ्रँक क्लाइन यांच्यानंतर साफिर अत्याल या भारतीयाकडे आले. 1983 मध्ये सेमिनरी पुण्याला गेली.

बदलीचा हुकूम आला की मंडळीत कुजबुज सुरू होते: आधीचे कसे होते, हे कसे असतील. ती साहजिक आहे. पण बाभुळगावासारख्या भागात विश्वासी कुटुंबे गावोगावी विखुरलेली असतात, नव्या माणसाला ती सापडायलाच महिने जातात. म्हणून माझी कळकळीची विनंती जाणाऱ्या पाळकांना आहे. सामान बांधण्याआधी बाप्तिस्म्यांची आणि लग्नांची वही नव्या पाळकांच्या हाती द्या, त्यांना सोबत घेऊन आजाऱ्यांच्या घरी जा, आणि तिथे प्रार्थना त्यांना करू द्या.