मुंबईचा प्लेग आणि तीन आकडे

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे अनेक वर्षे ठरावीक ऋतूत परतत राहिला. दर आठवड्याला किती माणसे दगावली याची नोंद होत असे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले हे आकडे पुढे एडिंबरोतल्या दोघांनी गणितासाठी घेतले. मॅकेन्ड्रिक हे हिंदुस्थानात नोकरी केलेले डॉक्टर, तर करमॅक हे रसायनशास्त्रज्ञ.

१९२७च्या निबंधात त्यांनी माणसांचे तीन कप्पे कल्पिले : रोग होऊ शकेल असे, रोगी, आणि बरे झालेले किंवा मेलेले. पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात जाण्याचा वेग त्या दोन्ही कप्प्यांतल्या संख्यांच्या गुणाकारावर अवलंबून. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याचा वेग केवळ रोग्यांच्या संख्येवर. प्लेगचे ८० ते ९० टक्के रोगी दगावत. म्हणून आठवड्याचे मृत्यू म्हणजे तिसऱ्या कप्प्यात पडणारी भर, असे त्यांनी धरले.

गणित थोडे सोपे केल्यावर घंटेच्या आकाराचा वक्र मिळाला. त्यात स्थिरांक तीनच : ८९०, ०.२ आणि ३.४. साथीचा कळस आठवड्याला ८९० मृत्यूंचा. तो केव्हा? ३.४ ला ०.२ ने भागा. सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यास. सुरुवातीला मृत्यू दर आठवड्याला सुमारे दीडपट होतात, हे ०.२ वरून निघते. प्रत्यक्ष नोंदी या वक्राच्या अगदी जवळून जातात.

मग प्लेगचे गणित सुटले का? मूळ समीकरणांत अज्ञात राशी चार आहेत : सुरुवातीचे निरोगी, सुरुवातीचे रोगी, लागणीचा दर आणि रोगी कप्प्यातून बाहेर पडण्याचा दर. तीन आकड्यांवरून चार राशी ठरत नाहीत. आयताचे क्षेत्रफळ २४ एवढेच सांगून लांबी-रुंदी विचारावी, तसेच हे. शिवाय माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचा पडसाद, आणि ऋतूप्रमाणे दर बदलतात. या अडचणी लेखकांनीच नोंदवल्या आणि स्थिरांकांच्या खऱ्या किमतींबद्दल निष्कर्ष काढू नयेत, असे बजावले.

तरीही हा वक्र अनेक पुस्तकांत सिद्धांताचा पुरावा म्हणून छापला गेला. २०१२ साली फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी ऋतुमानाचा विचार केल्याशिवाय मुंबईच्या साथी समजत नाहीत, हे पुन्हा दाखवून दिले.

आज संगणक नोंदी आणि वक्र यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणाऱ्या किमती क्षणात शोधतो. परंतु त्या किमती एकमेव आहेत का, आणि रोग खरोखर तसाच पसरतो का, हे प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतात. वर्गात आलेख जुळला की तिथे थांबू नये, ते याचसाठी.