पाणी विहिरींना, बांध बेवारस

माण, खटाव, आटपाडी, खानापूर, जत या पट्ट्यातल्या तलावांचा इतिहास म्हणजे दुष्काळांचाच इतिहास आहे. जुन्या कागदपत्रांत म्हसवडचा तलाव म्हणून नोंदलेला, माणगंगेवरचा राजेवाडीचा मातीचा बांध 1876-77च्या दुष्काळात उपाशी माणसांच्या हाताला काम म्हणून सुरू झाला. तेव्हा हा सगळा मुलूख एकाच सातारा जिल्ह्याचा आणि त्यात विखुरलेल्या संस्थानांचा होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. पुढे 1972चा दुष्काळ पडला तेव्हाही गावोगाव तलावांचीच कामं निघाली. दोन्ही वेळा सरकारची पहिली गरज मजुरी वाटण्याची होती, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. माणसं जगली ती त्या मजुरीवर. पण ज्या कामाचं यश हजेरीपटावर मोजलं जातं, ते दुष्काळ सरला की संपतं. मातीच्या बांधाचं खरं आयुष्य तर तिथूनच सुरू होतं. या भागातले छोटे बांध आज ज्या अवस्थेत आहेत तिचं मूळ मला बांधकामातल्या उणिवांपेक्षा इथे दिसतं: बांध घालताना तो पुढे कोणी राखायचा, हे कधी ठरलंच नाही.

राजेवाडीचा बांध आजही उभा आहे, याकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की इंग्रजांचं कामच पक्कं होतं. काम पक्कं होतं हे खरं, पण तेवढं कारण पुरत नाही. त्या तलावाला कालवे होते, कालव्यांवर भिजणारी जमीन होती आणि तिची पाणीपट्टी होती. 1879 साली मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला आणि पाणी देणं-घेणं, पट्टी वसूल करणं, कालव्यावर माणसं नेमणं याला कायद्याची चौकट मिळाली. सरकारला त्या पाण्यातून महसूल हवा होता, म्हणून बांधावर लक्ष ठेवणारी माणसंही पगारावर राहिली. हेतू लोककल्याणाचा होता असं म्हणायची गरज नाही. ज्याला पाण्याचे पैसे मिळत होते त्यालाच बांधाची काळजी होती, हा हिशेब मात्र चोख होता.

हा हिशेब तुटला तो पाझर तलावात. हे तलाव निघाले ते मुख्यतः रोजगार हमीच्या कामांतून, आणि रोजगार हमीची कल्पना याच मातीतली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि 1965 साली तिचा पहिला प्रयोगही तासगाव तालुक्यातच झाला. 1972च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979पासून तो अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने देणारी ही योजना महाराष्ट्राने अभिमानानेच सांगावी. पण खर्चाचा मोठा भाग मजुरीवर जायलाच हवा, अशी तिची अट होती. माती खणणं आणि टाकणं हे मजुरीचं काम. थराथराने पाणी मारून दाबणं, दगडी पिचिंग बसवणं, सांडव्याची भिंत बांधणं याला यंत्र, कसब आणि सिमेंट लागतं. या दुसऱ्या कामांना हात आखडता राहिला. त्यातही पाझर तलावाला कालवा नसतो. पाणी जमिनीत मुरतं आणि बांधाखालच्या विहिरींना उतरतं. विहिरी खासगी, त्यांवरचा ऊस, द्राक्ष, डाळिंबही खासगी. पाणीपट्टी कोणाकडून घ्यायची? लहान तलाव जिल्हा परिषदेच्या, थोडे मोठे राज्याच्या खात्याच्या वहीत गेले, पण ज्यातून डागडुजी व्हावी असं उत्पन्न त्यांच्यामागे आलं नाही. फायदा वाटला गेला आणि बांध बेवारस राहिला.

बेवारस बांधाचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. आत काळ्या मातीचा गाभा, वर मुरमाचं आवरण. उन्हाळ्यात पाणी आटलं की काळी माती तडकते, आणि आवरण पातळ झालं असेल तर भेगा थेट गाभ्यात उतरतात. वर वेडी बाभूळ माजते. ती जिवंत असेपर्यंत मुळं माती धरतात असं वाटतं, पण झाड वाळलं की मूळ कुजतं आणि बांधात आरपार पोकळी राहते. घुशी आणि खेकडे बिळं करतात. गुरांच्या नेहमीच्या वाटेने माथा एका ठिकाणी खचतो, आणि तलाव तुडुंब भरला की पाणी पहिल्यांदा तिथूनच ओसंडतं. सांडव्यावर दगड-माती रचून हातभर जास्त पाणी अडवायची सवय तर गावोगाव आहे. अलीकडे गाळ काढताना यंत्रं थेट बांधाच्या पायथ्याशी भिडतात आणि गाळासोबत पाणी न झिरपू देणारा चिकट थरही उपसून नेतात. यातली एकेक गोष्ट दोन माणसांनी, एका दिवसात, फावड्या-कुऱ्हाडीने निस्तरता येण्याजोगी आहे, म्हणून तिच्याकडे होणारं दुर्लक्ष अधिक सलतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे तलाव छोटे, या भागात पाऊस वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर, तलाव भरतात कधी आणि फुटून बुडणार काय? हा युक्तिवाद वीस-तीस वर्षांपूर्वी थोडाफार चालला असता. आता टेंभूसारख्या उपसा योजनांचं कृष्णेचं पाणी याच जुन्या तलावांत सोडलं जातं. हे पाणी लोकांनी लढून मिळवलं आहे आणि ते यायलाच हवं. पण जो बांध चार-पाच वर्षांतून एकदा काही आठवडे पाणी धरत होता तो आता वारंवार भरतो, आणि पाझर तलावाला सहसा विमोचक, म्हणजे पाणी सोडायचं दार, नसल्याने धोका दिसला तरी पातळी झटपट उतरवता येत नाही. पावसाचंही सरासरीवर काही नसतं. ऑक्टोबर 2020मध्ये सांगली-सोलापूरच्या याच अवर्षणप्रवण भागात परतीच्या पावसाने पूर आणले. आणि बांध छोटा म्हणून निर्धोक नसतो: चिपळूणजवळचा तिवरे बांधही खात्याच्या हिशेबात लघु पाटबंधाऱ्यातच बसत होता. तो 2 जुलै 2019च्या रात्री फुटला आणि वस्तीवरची माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या. खेकड्यांनी बांध पोखरला, असं तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं. खेकडे बांध पोखरतात हे खोटं नाही. म्हणूनच तर बांधाला रोज पाहणारं माणूस लागतं. 2021च्या धरण सुरक्षा कायद्याने मालक कोणीही असो, त्याच्यावर जबाबदारी टाकली, पण तो कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही विशिष्ट धरणांना लागू होतो. आठ-नऊ मीटरचे बांध त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

मग बांध खासगी करावेत, धनी आपली वस्तू जपतो, असं काहीजण सुचवतात. शेततळ्यांच्या रूपाने तो प्रयोग चालूच आहे. 2016च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने त्याला वेग दिला. पण धनी जपतो ते आतलं पाणी आणि खालचा प्लास्टिक कागद. बाहेरच्या उतारावर किती माती राहिली याची झळ शेजाऱ्याच्या शिवाराला बसते. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं, तेव्हा 1868 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की असं पाणी साठवणाऱ्याने चूक नसली तरी नुकसान भरून द्यावं. भारतात मात्र 1874 साली प्रिव्ही कौन्सिलने वेगळा निकाल दिला. मद्रास इलाख्यातल्या कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटून रेल्वेमार्ग वाहून गेला होता. न्यायाधीशांनी म्हटलं की हे तलाव रयतेच्या जगण्याचा आधार आहेत, ते राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच आहे, आणि त्यात हयगय झाली नसेल तर तो भरपाईला बांधील नाही. इथे माफी मिळाली ती राखणीच्या बदल्यात. आजच्या छोट्या बांधाला माफी तेवढी उरली आहे, राखण कोणाच्याच अंगावर नाही.

राखण गावाला झेपणार नाही, हा शेवटचा आक्षेप. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी 1980च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर येरळेवर बळीराजा धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा हवा हे तत्त्व ठेवलं. ते मातीचं धरण नव्हे आणि सगळीकडे तशी चळवळ उभी राहणार नाही, हे मान्य. पण वाटा ठरला की जबाबदारीचं बोलणंही करता येतं, एवढं त्यातून नक्की दिसतं. पाझर तलावाच्या बाबतीत वाटेकरी शोधायला लांब जायला नको. त्याखालच्या विहिरी सातबाऱ्यावर नोंदलेल्या आहेत. त्या विहिरींवर तलावागणिक अल्पशी पट्टी बसवावी आणि ती त्याच बांधावर खर्च करण्याचं बंधन घालावं. मृग लागण्याआधी सांडवा मोकळा करून झाडोरा काढावा आणि बिळं बुजवावीत. तलाव भरला की पायथ्याचा पाझर स्वच्छ येतो की गढूळ, हे पाहणाऱ्या माणसाचं नाव ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहिलेलं असावं. पाणी गढूळ येणं म्हणजे आतली माती वाहू लागली आहे, आणि तेव्हा निरोप कोणाला द्यायचा हे खालच्या वस्तीतल्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.